सोमवारची अणुभट्टी

अणुभट्टीवर तापमानाचा प्रयोग करायचा असेल तर तो सोमवारी सकाळी करावा. एवढं एक वाक्य मला मार्चमध्ये ठाऊक असतं तर माझा जवळपास महिना वाचला असता. मी विचारलं नाही, आणि तिथल्या लोकांच्या ते इतकं अंगवळणी पडलंय की ही सांगायची गोष्ट आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून लिहून ठेवते. पुढेमागे आपल्याकडचं कुणी अशाच एखाद्या छोट्या अणुभट्टीपाशी वही घेऊन उभं राहिलं, तर निदान पहिल्या दिवशी माझ्याइतकं गांगरणार नाही.

मी सांगलीची. पुण्यात बी.एस्सी. केलं, तिथेच जर्मन शिकले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आले. या विद्यापीठाची स्वतःची अणुभट्टी आहे, ट्रायगा मार्क-२. शहराच्या प्राटर बागेच्या कडेला, डोनाउ कालव्याजवळ अ‍ॅटोमइन्स्टिट्यूट नावाची एक साधीशी इमारत आहे, तिच्यात ७ मार्च १९६२ पासून ही भट्टी चालू आहे. वीज वगैरे काही बनवत नाही. सलग चालवताना कमाल ताकद २५० किलोवॉट, आणि काम शिकवण्याचं व संशोधनाचं.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आत जाणार का तू?" माझ्या घरमालकीणबाईंची प्रतिक्रिया याहून मजेशीर होती. ऑस्ट्रियाने त्स्वेंटेनडॉर्फला एक आख्खं अणुवीजकेंद्र बांधून तयार केलं होतं. ५ नोव्हेंबर १९७८ ला त्यावर सार्वमत झालं, ५०.५ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं आणि ते केंद्र एक दिवसही चाललं नाही. बाई म्हणाल्या, "मी तेव्हा नको म्हणूनच मत दिलं होतं. आणि आता माझ्याच घरातली मुलगी भट्टीवर चाललीय." पण त्या दिवशी त्यांनी मला डब्यात केक बांधून दिला.

आधी कागदपत्रांबद्दल, कारण प्रयोगाला चार दिवस लागले आणि कागदांना दोनेक महिने. व्हिएन्नात राहायला आल्यावर तीन दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तो एक कागद पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात, त्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. माझ्यासारख्या भारतीय विद्यार्थ्याला सत्राची फी ७२६.७२ युरो होती, वर विद्यार्थी संघटनेची वीसेक युरो वर्गणी. व्हिएन्नात नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याला सत्रभराचा बस-मेट्रो पास ७५ युरोला मिळायचा. हे खर्च सगळ्यांनाच असतात. भट्टीसाठी वेगळे पैसे मला पडले नाहीत, वेगळा पडला तो वेळ.

जानेवारी २०२३ मध्ये मी मार्गदर्शकांना विषय सांगितला: तापमान वाढलं की भट्टी किती मंदावते ते मोजणं. आत जायचं तर पासपोर्टची प्रत आधी पाठवावी लागते, ओळख तपासली जाते, मग तारीख मिळते. इथे आपला खास मराठी घोळ झाला. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, विद्यापीठाच्या कार्डावर नाही, आणि एका कचेरीने दिलेल्या तिसऱ्याच कागदावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी छापलेलं. अर्ज परत आला. तिन्ही कागदांवरची व्यक्ती एकच आहे हे पटवून द्यायला तीन आठवडे आणि चार ईमेल लागले. तुमचंही नाव तीन पदरी असेल तर पहिल्याच अर्जासोबत एक ओळीचा खुलासा जोडा. मी जोडला नव्हता.

८ मार्चला सुरक्षिततेची माहिती आणि सह्या. तास-दीड तासाचं काम. घंटा वाजली तर कुठे पळायचं, आत खायचं-प्यायचं नाही, बाहेर पडताना हातपाय तपासायच्या यंत्रावर उभं राहिल्याशिवाय दार ओलांडायचं नाही. गरोदर आहात का हाही प्रश्न होता, आणि तो विचारताना समोरचे गृहस्थ माझ्यापेक्षा जास्त संकोचले. मग अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा आगपेटीएवढा डोसिमीटर मिळाला. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट असते. प्रत्येक दिवसानंतर माझा आकडा मायक्रोसिव्हर्टमध्ये यायचा आणि तोही एक आकडी. मुंबईहून विमानाने येताना मला याच्या कितीतरी पट मिळाला असणार. हे बाबांना सांगितल्यावर त्यांना विमानाची काळजी वाटायला लागली.

आता मुळात काय मोजायचं होतं ते.

युरेनियमचं केंद्रक फुटलं (यालाच विखंडन म्हणतात) की न्यूट्रॉन प्रचंड वेगाने बाहेर पडतात. इतक्या वेगवान न्यूट्रॉनाला पुढचं युरेनियम-२३५ फोडणं अवघड जातं, म्हणून त्याला आधी हळू करावं लागतं. ते काम मॉडरेटरचं, मराठी पुस्तकांत ज्याला मंदक म्हणतात त्याचं. हायड्रोजन यात सगळ्यात वाकबगार, कारण त्याचं वजन न्यूट्रॉनाएवढंच असतं. कॅरममध्ये एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर नीट समोरून आपटली की पहिली जागच्या जागी थबकते, तसं. ठोकरा खात खात न्यूट्रॉन भोवतालच्या अणूंच्या तापमानाला येऊन पोचला की तो औष्णिक न्यूट्रॉन. २० अंश सेल्सिअसला त्याचा वेग सेकंदाला सुमारे २२०० मीटर असतो.

बहुतेक पाण्याच्या भट्ट्यांत मॉडरेटर म्हणजे पाणी. ट्रायगात पाणी आहेच, पण बराचसा हायड्रोजन इंधनाच्या कांडीतच कोंबलेला आहे, झिर्कोनियम हायड्राइडच्या, म्हणजे झिर्कोनियम धातूशी जोडलेल्या हायड्रोजनच्या रूपात. कांडी साधारण ७२ सेंटिमीटर लांब, पावणेचार सेंटिमीटर जाड. म्हणजे इंधन तापलं की मॉडरेटरही त्याच क्षणी तापतो. मधे पाणी तापायची वाट बघावी लागत नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन आणि मंडळींनी हा विचार मांडला आणि १९५८ मध्ये सॅन दिएगोला पहिली ट्रायगा चालू झाली. त्याच १९५६ च्या ऑगस्टात आपल्या तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली होती. या दोन तारखा मी वहीच्या पहिल्या पानावर उगाचच शेजारी शेजारी लिहून ठेवल्या होत्या.

हायड्राइड तापल्यावर न्यूट्रॉनांचं काय होतं हे मला मार्गदर्शकांनी तीनदा समजावलं. समजलं मात्र घरी, किराणा दुकानदार आठवल्यावर. झिर्कोनियमच्या पिंजऱ्यात अडकलेला हायड्रोजन ऊर्जेची देवघेव वाटेल त्या रकमेत करत नाही. सुमारे ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्टची (हे ऊर्जेचं एकक) नोट, तेवढ्यातच व्यवहार. सुट्टे नाहीत. औष्णिक न्यूट्रॉनाच्या खिशात असतात ०.०२५, त्यामुळे तो हायड्रोजनला काही देऊच शकत नाही. पण कांडी गरम असेल तर काही हायड्रोजनांच्या हातात एक नोट जास्तीची असते, आणि ती ते जाणाऱ्या न्यूट्रॉनाला देऊन टाकतात. न्यूट्रॉन एकदम श्रीमंत होतो, वेग वाढतो, वेग वाढला की युरेनियम त्याला पकडण्याची शक्यता घटते आणि तो कांडीतून निसटून पाण्यात जातो. पाणी त्याला पुन्हा हळू करतं खरं, पण काही न्यूट्रॉन तिथेच गिळले जातात. विखंडनं कमी होतात आणि भट्टी आपोआप मंदावते. युरेनियम-२३८ गरम झाल्यावर जास्त न्यूट्रॉन खातं हाही भाग त्यात आहेच, पण ट्रायगात मोठा वाटा या हायड्राइडचा.

'मंदावते' हे मोजायचं एकक ऐकून मी हसले होते. डॉलर आणि सेंट. साखळी क्रिया वाढतेय की घटतेय हे सांगणाऱ्या आकड्याला रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. विखंडनानंतर थोडे न्यूट्रॉन उशिरा येतात, त्यांच्या वाट्याएवढी रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे एक डॉलर. या भट्टीत ती सुमारे ०.७ टक्के. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. युरोत राहून डॉलरमध्ये मोजत होते, आणि मनातल्या मनात दोन्हींचे रुपये करण्याची सवय सुटत नव्हती.

२० मार्च, सोमवार. पहिला दिवस कंट्रोल रॉडच्या, म्हणजे न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणाऱ्या दांड्याच्या, अंशांकनाचा. मेट्रोने श्लाखटहाउसगासे स्टेशनला उतरून कालव्यावरच्या पुलाने पलीकडे गेलं की पोचतो. आठला बोलावलं होतं, मी सव्वासातलाच दारात. कंट्रोल रूममधून काचेपलीकडे भट्टीची खोली दिसते. ऑपरेटर साधारण साठीचे, कमी बोलणारे. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायची त्यांची लकब हुबेहूब माझ्या मिरजेच्या काकांची, म्हणून मी मनात त्यांचं नाव नाना ठेवून टाकलं. इथेही नानाच म्हणते.

अंशांकनाची रीत अशी. भट्टी अगदी कमी ताकदीवर, काही वॉटवर, स्थिर ठेवायची. मग एक रॉड थोडासा वर. ताकद वाढायला लागते. सुरुवातीची गडबड निवळू द्यायची आणि मग ताकद दुप्पट व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्यावरून सूत्राने त्या तेवढ्या हालचालीची किंमत सेंटमध्ये निघते. पुन्हा खाली आणायचं, स्थिर होऊ द्यायचं, पुढचा टप्पा. एका टप्प्याला पंधरा मिनिटं सहज जातात. संगणक हे सगळं नोंदवतो, पण नानांनी माझ्या हातात जुनं स्टॉपवॉच दिलं आणि म्हणाले, "दोन्ही कर." पहिल्या तीन मोजण्यांत माझं नि संगणकाचं दोन-दोन सेकंदांनी जुळेना. कारण साधं होतं. ताकद वाढायला लागल्याबरोबर मी घाईने बटण दाबत होते, निवळण्याची वाट बघत नव्हते. चौथ्यापासून जुळलं.

दुपारी नानांनी वर, पाण्याच्या टाकीच्या काठावर नेलं. सहा मीटरहून खोल टाकी आणि तळाशी तो निळा प्रकाश. त्याबद्दल सगळेच लिहितात. मला आठवतं ते वेगळंच: पाणी इतकं स्वच्छ की तळ हाताशी असल्यासारखा वाटत होता, आणि माझ्या खिशातलं पेन आत पडेल या भीतीने मी सारखी खिशावर हात ठेवत होते. वर जाण्याआधी खिसे रिकामे करा. नंतर तर तो नियमच असल्याचं कळलं.

२२ तारखेला पाडवा होता. गुढी नाही, पण श्रीखंडाऐवजी दह्यात साखर घातली. आठवडाभरात अंशांकनाचा आलेख तयार झाला आणि मला वाटलं अर्धं काम झालं.

३० मार्चला पुढची वेळ मिळाली. गुरुवार. त्यात योजना अशी: १० किलोवॉट, ५०, १००, असं करत २५० पर्यंत चढायचं. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटं थांबायचं. इंधनाच्या एका कांडीत थर्मोकपल बसवलेले असतात, त्यावर तापमान वाचायचं, आणि भट्टी स्थिर ठेवायला रॉड किती वर घ्यावा लागला ते लिहायचं. जास्त तापमान म्हणजे रिअ‍ॅक्टिव्हिटीचा जास्त तोटा, म्हणजे रॉड जास्त वर. अंशांकनाच्या आलेखावरून तो तोटा सेंटमध्ये.

पहिल्या तीन पायऱ्या सुरेख गेल्या. मग मी १०० किलोवॉटवर थोडा जास्त वेळ थांबले, तर तापमान जागेवर आणि रॉड मात्र हळूहळू सरकतोय. वाटलं, थर्मोकपल बिघडला. मग वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. खाली १० किलोवॉटवर परत येऊन पाहिलं, तर सकाळचीच अवस्था असूनही रॉड सकाळच्या जागी नाही. दोन तासांत सगळं उत्तर वाळूसारखं निसटलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

नाना चष्मा पुसत म्हणाले, "काल भट्टी किती वेळ चालली?"

"दिवसभर."

"परवा?"

"तेव्हाही."

"मग झेनॉनचं काय केलंस?"

विखंडनातून आयोडीन-१३५ बनतं, ते साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ होतं, आणि हा झेनॉन औष्णिक न्यूट्रॉनांचा अधाशी. त्याचं स्वतःचं अर्धायुष्य सुमारे नऊ तास. आठवडाभर भट्टी चाललेली असली की गुरुवारी सकाळी कालचा झेनॉन आत असतोच. तो तासातासाला बदलत राहतो आणि तापमानाच्या परिणामावर आपला परिणाम मिसळतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातला झेनॉन मोठ्या वीजकेंद्रांत असतो अशी काहीतरी समजूत करून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी भट्टी बंद झाली की सोमवारी सकाळपर्यंत तो जवळजवळ सगळा संपतो. म्हणून सोमवार.

मी नानांना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ते खरंच गोंधळले. म्हणाले, "मला वाटलं तुला तेच मोजायचंय."

आता सोमवार मिळवणं आलं. ३ एप्रिलची वेळ दुसऱ्या गटाने घेतलेली. १० एप्रिल ईस्टरचा सोमवार, सुट्टी. १७ ला देखभालीचं काम. १ मे कामगार दिन, पुन्हा सुट्टी. मधला एकच सापडला, २४ एप्रिल. त्या वर्षी ऑस्ट्रियात काही सुट्ट्या सोमवारी आल्या होत्या, हे मला एरवी आवडलं असतं. प्राटरची लांबलचक हाउप्टआले सडक इन्स्टिट्यूटजवळूनच जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये केनियाच्या एलिउद किपचोगेने याच सडकेवर मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत धावून दाखवलं. मी एप्रिलमध्ये त्याच सडकेवर चेस्टनटच्या झाडांखालून चालत झेनॉनची समीकरणं सोडवत होते, आणि माझा वेग अर्थातच औष्णिक होता.

२४ एप्रिलला सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सुरुवात केली आणि साडेअकराला संपवलं. यावेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्रत्येक पायरीनंतर थोडक्यात खाली येऊन पहिली अवस्था पुन्हा तपासली. आणि पाणी गार ठेवणारी यंत्रणा चालू ठेवून टाकीच्या पाण्याचं तापमान सांभाळलं, म्हणजे हिशेबात फक्त इंधन आणि त्यातला हायड्राइड येईल. १० किलोवॉटला कांडीतलं तापमान तिशीत होतं, १०० ला एकशेपंधराच्या आसपास, आणि २५० ला दोनशेच्या किंचित खाली. रॉडचा एकूण तोटा एक डॉलर सत्तर सेंटच्या आसपास. आलेख सरळ नव्हता पण गुळगुळीत होता, आणि गुळगुळीत आलेख बघून किती बरं वाटतं हे ज्याने गुरुवारचा आलेख पाहिला असेल त्यालाच कळेल.

भागाकार केला: अंशाला एक सेंट. पुस्तकात ट्रायगासाठी साधारण दीड सेंटाच्या वरचा आकडा असतो. म्हणजे मी तिसऱ्या हिश्श्याने चुकले होते.

हा माझ्या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत चांगला आठवडा, आणि तो मी टेबलाशी बसून काढला. अंशांकन पुन्हा तपासलं. ताकदीचं मापन बघितलं. काही सापडेना. शेवटी मार्गदर्शकांनी कागदावर भट्टीचा वरून दिसणारा नकाशा काढला, थर्मोकपलवाल्या कांडीवर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. ती कांडी मध्याजवळच्या वर्तुळात होती. तिथे न्यूट्रॉन सर्वांत जास्त, म्हणून तापमानही सर्वांत जास्त. कडेच्या कांड्या खूपच थंड. माझ्या दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या वाढीत भट्टीतली बहुतेक इंधनं सहभागीच नव्हती. तोटा सगळ्या भट्टीचा, आणि भागायला घेतलं होतं एका कांडीचं तापमान. म्हणजे गावातल्या सगळ्यात श्रीमंत घराचं उत्पन्न घेऊन गावाची सरासरी काढल्यासारखं. प्रत्येक वर्तुळाला त्याच्या ताकदीप्रमाणे तापमान वाटून सरासरी घेतली, तेव्हा आकडा पुस्तकाच्या जवळ सरकला. तंतोतंत जुळला नाही, आणि मी तो जुळवलाही नाही.

'मॉडरेटरचं तापमान' असं एखाद्या शोधनिबंधात वाचलं की आता मी आधी विचारते, कुठलं? कुठे मोजलेलं?

राहिलं पाणी. ८ मे, सोमवार. यावेळी उलटं करायचं होतं: इंधन जवळपास पाण्याच्याच तापमानाला ठेवून सगळंच मिळून गरम करायचं. टाकीत वीसेक हजार लिटर पाणी. गार ठेवणारी यंत्रणा बंद करून भट्टी १०० किलोवॉटवर चालवली की ते तासाला चारेक अंशांनी तापतं. आमच्या सांगलीच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यात लाकडं सारून आजी पाणी तापवायची आणि दर पाच मिनिटांनी बोट घालून बघायची. इथे बोट घालायचं नव्हतं, पण मनःस्थिती तीच. तीन तास आकडा चढताना बघत बसायचं. २० वरून ३२ वर गेल्यावर ताकद काही वॉटवर आणली, इंधन आणि पाणी समतोलात येऊ दिलं, आणि रॉडची जागा वाचली. मधल्या तीन तासांत तयार झालेल्या झेनॉनची वजाबाकी केल्यावर जे उरलं ते इतकं बारीक होतं की त्रुटीचा पट्टा जवळजवळ उत्तराएवढाच रुंद. अहवालात तसंच लिहिलं.

याच दिवशी दुसरा एक प्रयोग जोडून घेतला होता: न्यूट्रॉनांचं तापमान त्यांनाच विचारायचं. ल्युटेशियम हा एक धातू. त्यातल्या ल्युटेशियम-१७६ ला बरोबर ०.१४ इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी न्यूट्रॉन गिळायची खास ओढ असते. न्यूट्रॉन थोडे जरी गरम झाले तरी ते या ओढीच्या जवळ जातात, आणि ल्युटेशियम जास्त किरणोत्सारी होतं. शेजारी सोनं ठेवायचं, त्याला एवढ्याशा फरकाने फारसं काही वाटत नाही. दोघांचं गुणोत्तर म्हणजे न्यूट्रॉनांचा थर्मामीटर. एक जोडी थंड पाण्यात, एक गरम पाण्यात, शिवाय कॅडमियमच्या डबीत झाकलेल्या जोड्या. कॅडमियम औष्णिक न्यूट्रॉन अडवतं, त्यामुळे वेगवान न्यूट्रॉनांनी केलेला भाग वजा करता येतो.

यात माझी एक फजिती झाली ती सांगायलाच हवी. भट्टीत घालण्याआधी कोरं ल्युटेशियम किरणोत्सार मोजणाऱ्या डिटेक्टरवर ठेवून बघितलं, आणि २०२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला स्पष्ट शिखर, म्हणजे किरणोत्साराची खूण. माझ्या हातापायाला घाम. कुठेतरी काहीतरी सांडलंय, मी ते सगळीकडे पसरवलंय, डोसिमीटर, बाबा, घरमालकीणबाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. धावत किरणोत्सार सुरक्षेच्या खोलीत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे तक्ता उघडून दाखवला: नैसर्गिक ल्युटेशियम मुळातच किंचित किरणोत्सारी असतं, ल्युटेशियम-१७६ चं अर्धायुष्य काही हजार कोटी वर्षं. ते शिखर पृथ्वी बनल्यापासून तिथेच आहे. मला हवं होतं ते, न्यूट्रॉन गिळल्यावर बनणाऱ्या ल्युटेशियम-१७७ चं शिखर २०८ ला, सहा घरं पलीकडे. चांगला जर्मेनियम डिटेक्टर दोन्ही सहज वेगळे दाखवतो. पण कोरा नमुना आधी मोजून ठेवायची सवय नसती तर मी कदाचित दोन्ही एकत्र मोजून मोकळी झाले असते.

मग पुन्हा थांबणं. सोन्याचं अर्धायुष्य २.७ दिवस, ल्युटेशियम-१७७ चं साडेसहाच्या थोडं वर. लगेच मोजलं तर बाकीच्या कचऱ्याचा गोंगाट फार, म्हणून पाच दिवस शिशाच्या भिंतीआड ठेवून मग मोजणी, एकेका नमुन्याला काही तास. डिटेक्टरला द्रवरूप नायट्रोजन वेळेवर भरायची पाळी माझ्यावर होती. रात्री गजर लावून उठून 'आपण भरला का' हे आठवायचा प्रयत्न करणं हे मे महिन्यातलं माझं मुख्य काम. गरम पाण्यातलं गुणोत्तर थंडीतल्यापेक्षा थोडे टक्के जास्त आलं. दिशा बरोबर, आकडा सैल. दोनच जोड्या असताना याहून जास्त म्हणता येत नाही. पुन्हा करायचं म्हटलं तर २९ मे हाही सोमवार सुट्टीचाच निघाला, आणि अहवालाची मुदत ३० जून.

२६ जूनला डोसिमीटर परत केला. चार दिवसांची मिळून बेरीज विमानाच्या एका खेपेपुढे नगण्य होती. नानांनी माझ्या वहीची झेरॉक्स मागितली, पुढच्या विद्यार्थ्यासाठी. मी गुरुवारची पानंही तशीच ठेवली. पहिल्या पानावर, अप्सरा आणि ट्रायगाच्या तारखांखाली, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवरून दोन ओळी लिहिल्या: २०२४ मध्ये ईस्टरचा सोमवार १ एप्रिल, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार २० मे. या दोन्ही दिवशी भट्टी बंद.